इंजिनावरचा नंबर

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही दोघं चिरंजीवांकडे मिशिगनला चार महिने राहून आलो, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "नायगारा पाहिला का? शिकागो पाहिलं का?" पाहिलं, सगळं पाहिलं. पण मनात घर करून राहिली ती भलतीच गोष्ट. शेजारच्या गॅरेजमधली एक जुनी गाडी. त्या गाडीमुळे मला स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट आज इतक्या वर्षांनी सांगावीशी वाटते आहे. पण आधी गाडीचा इतिहास. इतिहासाचा मास्तर आहे, सनावळीशिवाय पुढे जाता येत नाही, समजून घ्या.

चिरंजीवांच्या घराला लागून एक गृहस्थ राहतात. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. त्यांचं नाव इथे देत नाही. ते पाँटिॲक शहरातल्या मोटारींच्या कारखान्यात आयुष्यभर कामाला होते, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना फोरमन म्हणू लागलो. माझं इंग्रजी तर्खडकरी. त्यांचं बोलणं नाकातलं आणि भरभर. तरी आमचं जमलं. अडलं की नात दुभाषी म्हणून यायची.

एके सकाळी त्यांच्या गॅरेजचं दार वर गेलं आणि आतून असा आवाज आला, की सौ. म्हणाली, "अहो, भूकंप झाला की काय?" मी बाहेर येऊन पाहतो तर गडद हिरव्या रंगाची, लांबलचक, दोन दारांची गाडी. पुढे बंपरची चकचकीत पट्टी नाही, तिथेही गाडीचाच रंग. बॉनेटवर, म्हणजे काचेच्या बाहेर, इंजिनाचे फेरे दाखवणारं एक छोटं घड्याळ बसवलेलं. १९६८ सालची पाँटिॲक जीटीओ. तिकडे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. मी आपला तिला पैलवान म्हणतो.

ही जात जन्माला आली १९६४ साली आणि तीही नियमाला बगल देऊन. जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीने जानेवारी १९६३ मध्ये आपल्या सगळ्या शाखांना हुकूम काढला की शर्यतींच्या भानगडीत पडायचं नाही. पाँटिॲक ही त्यातली एक शाखा. तिचं सगळं नाव शर्यतींवर उभं राहिलेलं. आता तरुण गिऱ्हाईक कसं ओढायचं? तिथले मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी एक साधी गोष्ट ताडली. मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचाचं इंजिन मधल्या आकाराच्या टेंपेस्ट गाडीत सहज बसतं. पण कंपनीचा दुसरा नियम आडवा आला. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही.

मग त्यांनी पळवाट काढली. नियम नव्या मॉडेलला लागू होता, गिऱ्हाइकाने जादा पैसे देऊन मागितलेल्या सामानाला नव्हता. म्हणून जीटीओ हे मॉडेल म्हणून दाखवलंच नाही. टेंपेस्ट-लेमान्सवर सुमारे २९५ डॉलरचा जादा सामानाचा संच, असं कागदावर दाखवलं. पाँटिॲकचे प्रमुख पीट एस्टेस यांनी जोखीम पत्करली. विक्रीखात्याचा अंदाज होता पाच हजार गाड्या. पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०. दुसऱ्या वर्षी पंचाहत्तर हजारांवर आणि १९६६ मध्ये जवळजवळ ९७ हजार! मग वरच्या साहेबांना नियम आठवला असेल का? फायदा दिसला की नियमाचा विसर पडतो, हे काही अमेरिकेपुरतं नाही.

आपल्याकडच्या मापाने सांगायचं तर ३८९ घनइंच म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. आपल्या अँबॅसिडरचं इंजिन दीड लिटरचं. म्हणजे चार अँबॅसिडर एका बॉनेटखाली, वर थोडी चिल्लर! शक्ती ३२५ अश्वशक्ती, तीन कार्बुरेटरवाली घेतली तर ३४८. आणि पेट्रोल तेव्हा तिकडे गॅलनला तीस सेंटांच्या आसपास. त्याच काळात आपल्याकडे अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्यातच निवड होती आणि तीही नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून. स्कूटरलासुद्धा रांग. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे सायकल होती आणि तिला डायनामो आहे याचं आम्हाला कौतुक होतं.

तिकडे असं का झालं? याचं उत्तर इंजिनात नाही, जन्मनोंदीत आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ पासून अमेरिकेत मुलांची प्रचंड लाट जन्माला आली. १९६४ साली त्यातली थोरली पोरं अठराची झाली. खिशात पैसा, हातात लायसन्स आणि कारखान्यात नोकरी लगेच मिळणारी. बापाची पोक्त गाडी त्यांना नको होती. परदेशी स्पोर्ट्स कार परवडत नव्हती. त्यांना तीन हजार डॉलरच्या आसपास हा पैलवान मिळाला. मग काय, सगळ्याच कंपन्यांनी आपापली तालीम उघडली. शेव्हरोलेची शेवेल एसएस, ओल्ड्समोबाइलची फोर-फोर-टू, ब्यूइकची ग्रॅन स्पोर्ट, प्लिमथची रोड रनर. क्रायस्लरने १९६४ च्या डेटोना शर्यतीत रिचर्ड पेटीला जिंकून देणारं ४२६ घनइंचांचं हेमी इंजिन १९६६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांतही दिलं. १९७० ची शेवेल तर ४५४ घनइंच आणि ४५० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली.

आता गंमत पाहा. जीटीओ हे नावच मुळी उसनं. इटलीच्या फेरारीची त्या नावाची गाडी होती. ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो, म्हणजे शर्यतीसाठी रीतसर मान्यता मिळालेली. पाँटिॲकच्या गाडीला अशी कुठलीही मान्यता नव्हती. म्हणजे नावातच खोटा दाखला! पुढे मार्च १९६४ मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने मुखपृष्ठावर दोन्ही जीटीओंची टक्कर छापली. पाँटिॲक ४.६ सेकंदांत ताशी साठ मैलांवर जाते, हा आकडा सगळ्या देशात गाजला. पाँटिॲकच्या जाहिरातीचं काम पाहणारे जिम वँगर्स यांनी पुढे आपल्या आठवणींत कबूल केलं, की चाचणीच्या त्या गाडीत ३८९ चं नाही, तर ४२१ घनइंचांचं इंजिन होतं. आतला पैलवान बदलला होता, लंगोट तोच ठेवला होता.

हे फोरमनना विचारलं तर ते खूप हसले. म्हणाले, "आम्हा सगळ्यांना तेव्हाच शंका होती."

फोरमन १९६०च्या दशकात कारखान्यात लागले. पहिली जीटीओ त्यांनी हप्त्याने घेतली. संध्याकाळी पाळी सुटली की वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जायचं. हा रस्ता डेट्रॉइटच्या मध्यातून निघतो आणि थेट पाँटिॲक शहरापर्यंत जातो, साधारण ४३ किलोमीटर. १९०९ मध्ये या रस्त्याच्या एका मैलावर काँक्रीट घातलं गेलं, ते अगदी सुरुवातीच्या काँक्रीट रस्त्यांपैकी. १९६०च्या दशकात इथे सिग्नल ते सिग्नल पोरं गाड्या पळवायची. कंपन्यांचे अभियंतेही रात्री नव्या गाड्या घेऊन इथे यायचे म्हणतात. किती पोरं मेली, हेही फोरमननी सांगितलं. त्यांच्या वर्गातला एक जण इथे गेला, दोन व्हिएतनाममध्ये. पैलवानाचं कौतुक करताना हा हिशेब विसरू नये.

या गाड्यांचा ऱ्हास एका दिवसात झाला नाही. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिलं, १९६६ मध्ये सुरक्षेचा कायदा आला. विमा कंपन्यांनी तरुण चालक आणि मोठं इंजिन ही जोडी दिसली की हप्ता वाढवला. फोरमन सांगतात की विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याच्या बरोबरीला आला. १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९७१ पासून जनरल मोटर्सने शिशाविना पेट्रोल चालावं म्हणून इंजिनांचा दाब कमी केला. १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची रीतही बदलली, त्यामुळे कागदावरचे आकडे एकदम घसरले. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७४ ची जीटीओ एका छोट्या गाडीच्या सांगाड्यावर २०० अश्वशक्तीची निघाली, सात हजारांच्या आसपास खपली आणि नाव बंद झालं. दहा वर्षांत जन्म, तारुण्य, म्हातारपण, सगळं उरकलं.

फोरमननी आपली गाडी त्याच सुमारास विकली. घरात दुसरं बाळ आलं होतं. "किती मिळाले?" मी विचारलं. ते म्हणाले, "विचारू नका."

मग पंचवीसेक वर्षांनी, मुलं मार्गी लागल्यावर, त्यांना एका शेतावरच्या कोठारात ही गाडी सापडली. तेच साल, तोच रंग. पण त्यांची नव्हे. तळाचा पत्रा गंजून त्यातून गवत उगवलेलं. डिकीत उंदरांचं बिऱ्हाड. आणि इंजिन गायब. ते कधीतरी फुटलं होतं आणि भंगारात गेलं होतं.

त्यापुढे अकरा वर्षं त्यांनी गाडी उभी केली. तिकडे याला रिस्टोरेशन म्हणतात, आपण जीर्णोद्धार म्हणू. ती पद्धत ऐकून मी थक्क झालो. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. मग बॉडी सांगाड्यापासून वेगळी उचलायची. प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची. जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा, अस्तराचा हात, पुन्हा घासणं, पुन्हा हात, पाणी मारून पुन्हा घासणं. शिशाचं पेट्रोल आता मिळत नाही, म्हणून इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका टणक धातूच्या बसवायच्या. पुढचा बंपर रबरासारख्या लवचीक मालाचा. धक्का बसला तर आत जाऊन पुन्हा पूर्ववत होतो, म्हणून १९६८ मध्ये त्याची केवढी जाहिरात झाली होती. त्यावर रंग टिकवणं म्हणजे शिक्षाच, असं ते म्हणाले. संग्राहक तर याच्याही पुढे जातात. कारखान्यात कामगाराने खडूने केलेली खूण कुठे होती, रंगाचा फवारा खालच्या बाजूला कुठवर उडाला होता, तेसुद्धा तसंच करतात. म्हणजे कारखान्यातल्या चुकाही जशाच्या तशा!

आणि आता मूळ मुद्दा. या गाड्यांच्या बाजारात सगळ्यात मोठा शब्द म्हणजे नंबर जुळणं. १९६८ च्या जीटीओचा क्रमांक समोरच्या काचेतून दिसेल अशा पट्टीवर असतो. सुरुवातीला २४२ असेल तर ती खरी जीटीओ. नंतर बॉडीचा प्रकार, मग ८ म्हणजे १९६८, मग पी म्हणजे पाँटिॲक शहरातला कारखाना आणि शेवटी गाडीचा अनुक्रमांक. याच क्रमांकाचा भाग त्या वर्षापासून इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर इंजिन जन्मापासून त्याच गाडीचं. १९६४ आणि ६५ च्या गाड्यांत मात्र पंचाईत. तेव्हा जीटीओ हा जादा सामानाचा संच होता ना, मग गाडीच्या क्रमांकात त्याचा पत्ताच नाही! साध्या लेमान्सला चिन्हं चिकटवून जीटीओ म्हणून विकणारे पुष्कळ निघाले. म्हणून कारखान्याच्या जुन्या बिलांची नक्कल मागवून पाहतात. पाँटिॲकच्या गाड्यांची अशी नोंद देणारी एक संस्थाच तिकडे आहे. ज्या पळवाटेने गाडी जन्मली, तीच पळवाट पुढे लबाडांच्या कामी आली.

किमती ऐकून तर भोवळ यायची. १९७१ च्या प्लिमथ हेमी कुडाच्या उघड्या टपाच्या गाड्या बनल्याच मुळी अकरा. त्यातली एक २०१४ मध्ये लिलावात पस्तीस लाख डॉलरला गेली. स्टीव्ह मॅक्वीनच्या 'बुलिट' चित्रपटातली १९६८ ची हिरवी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये सदतीस लाख डॉलरच्या वर गेली आणि तिचा जीर्णोद्धार केलेलाच नव्हता! रंग उडालेला, गंज चढलेला, तशीच. लोकांना तो गंजही हवा होता, कारण तो खरा होता.

फोरमनच्या गाडीत इंजिन त्याच सालचं, त्याच मापाचं. ४०० घनइंच, ३५० अश्वशक्ती. पण नंबर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा. एक व्यापारी त्यांच्याकडे आला होता. म्हणाला, "ब्लॉकवरचा नंबर घासून काढू, तुमच्या गाडीचा ठोकून देतो. जुन्या पद्धतीचे ठसे आहेत माझ्याकडे. किंमत कितीतरी वाढेल." फोरमननी त्याला गॅरेजच्या बाहेर काढला.

मी विचारलं, "पण कुणाला कळलं असतं?"

त्यांनी टॉर्च आणला, मला वाकायला लावलं आणि इंजिनाच्या पुढच्या अंगाला तो नंबर दाखवला. म्हणाले, कारखान्यात ती जागा तासताना यंत्राच्या बारीक रेघा उमटतात. नंबर घासला की रेघाही जातात. जाणकार माणूस भिंग लावतो आणि आधी आकडे पाहतच नाही, रेघा पाहतो. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि मला तर कळलंच असतं ना."

मंडळी, मी तिथे वाकलेलाच राहिलो. कंबर धरली म्हणून नव्हे.

१९७८ सालची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांचा, नोकरीत नवा. शाळेत जनरल रजिस्टर असतं. शिक्षक असाल तर माहीत असेल. मुलाचं नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो आणि आपल्या देशात तो दाखला म्हणजे माणसाचा इंजिन नंबर. (आमच्या पिढीत निम्म्यांचा वाढदिवस एक जूनला येतो, तो मास्तरांच्या कृपेने. माझाही. आईच्या सांगण्यानुसार मी पोळ्याच्या आदल्या दिवशीचा.) त्या वर्षी आमचा खेळाचा संघ जिल्ह्याला जायचा होता. सगळ्यात तगडा मुलगा वयाने बसत नव्हता. वरून सांगणं आलं, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं आहे, तेवढं बघा." मी ब्लेडने सालातला एक अंक आणि अक्षरी एक शब्द खरवडला, तिथे नखाने कागद घोटला आणि नवीन लिहिलं. संघ जिल्ह्याला जिंकला. माझा सत्कारही झाला, नारळ आणि शाल.

त्या तगड्या मुलामुळे जो सोळा वर्षांच्या आतला मुलगा संघाबाहेर बसला, तोही माझ्याच वर्गातला. रोज पहाटे चार मैल पळत सरावाला यायचा. त्याने मला काहीच विचारलं नाही. नुसतं पाहिलं. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली. ती त्याच कारणाने सोडली असं मी म्हणत नाही. घरची गरिबी होतीच. पण त्याचा दाखला मीच लिहिला आणि त्यावरची प्रत्येक नोंद खरी होती.

निवृत्तीच्या आधी एकदा ते जुनं रजिस्टर काढून मी पान उजेडापुढे धरलं. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता आणि शाई फुटली होती. तीस वर्षांत कुणी पाहिलं नसेल. पण ज्याला रेघा वाचता येतात, त्याला लगेच दिसेल. मी रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. तेव्हाही काही बोललो नाही.

नियमाला बगल देऊन जन्मलेली, उसन्या नावाची, खोट्या चाचणीने गाजलेली ही गाडी आणि तिच्या बाबतीत एक म्हातारा कामगार नंबर खोटा ठोकायला तयार नाही! कंपनीने २००९ मध्ये पाँटिॲक हे नावच बंद करायचं जाहीर केलं. ओडावा लोकांच्या ज्या सरदाराने १७६३ मध्ये डेट्रॉइटच्या किल्ल्याला वेढा घातला, त्याचं हे नाव. शहराला मिळालं, १९२६ पासून गाडीला मिळालं, आता शहरापुरतं उरलं. फोरमनच्या आयुष्यभराच्या कामाचं जे काही शिल्लक आहे, ते त्या गॅरेजमध्ये. ते खोटं करून त्यांना चाललं नसतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते, १९९५ पासून. त्यांनी मला शेजारी बसवून नेलं. दुतर्फा खुर्च्या टाकून माणसं बसलेली, जशी आपल्याकडे पालखी पाहायला बसतात. सिग्नलला एक तरुण खिडकीशी आला आणि पहिला प्रश्न, "नंबर जुळतात का?" फोरमन म्हणाले, "नाही. इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे." तो मुलगा मान हलवून पुढच्या गाडीकडे गेला. फोरमननी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला आणि सिग्नल पडताच असा काही ॲक्सिलरेटर दाबला, की माझी टोपी मागच्या सीटवर गेली.

तो दुसरा मुलगा आता साठीच्या पुढे असेल. गावाकडे आहे, एवढं कळलं आहे. दिवाळीनंतर जाणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. रजिस्टरमधलं पान तर आता दुरुस्त होत नाही. पण निदान जुळत नाही, एवढं तरी मी तोंडाने सांगू शकतो.

असो. फार लांबलं. चिरंजीव, हे वाचून फोन करू नकोस, भेटल्यावर बोलू.